फोटोतलं फडकं

हे कुणाला दाखवायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही. माझ्या मुलीच्या, सानिकाच्या, दहावीच्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, त्यात लिहिते आहे. माझी शाळा चौथीपर्यंतच, त्यामुळे चुका असतील. मोबाईलवर एका ग्रुपमध्ये लोक आपापले असे अनुभव लिहितात, ते मी दुपारी भांडी आटोपल्यावर वाचते. वाचून हसायची. कुणाला वडाखाली बाई दिसते, कुणाची गाडी आपोआप बंद पडते... मला वाटायचं, यांना कामं नाहीत. मी पहाटे अंधारात एकटी नळावर जाणारी बाई. मला कधी काही दिसलं नाही, आणि दिसेल असं वाटलंही नाही. आता मात्र हसायला येत नाही.

आमचं गाव निपाणी तालुक्यात, कोगनोळीच्या अलीकडे, हायवेपासून थोडं आत. गावच्या हायस्कूलमध्ये मी बिसीऊट करते, म्हणजे मुलांचं दुपारचं जेवण. आम्ही दोघी आहोत, मी आणि शेवंताक्का. शेवंताक्का माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, तोंडानं तिखट, पण पोरांना वाढताना हात सैल. सानिका त्याच शाळेत दहावीला होती.

दहावीच्या पोरींनी मोबाईलवर कुठंतरी प्रॉम, म्हणजे परदेशी शाळांतला निरोपाचा नाच, बघितला आणि आपल्याकडे पण तसंच करायचं म्हणून हेडसरांच्या मागं लागल्या. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "प्रॉमबिम काय न्हाय. सेंडॉफ म्हणायचं. नाच न्हाय. आन् भाषणं संपल्याबिगर कोण उठायचं न्हाय." शेवटी हो-नाही करत एकाच गोष्टीला त्यांनी मान हलवली. ती म्हणजे फोटो बूथ.

मला ते काय असतं ठाऊक नव्हतं. पडदा लावलेली एक लहानशी खोली असते, उचलून कुठंही नेता येते. आत बाकडं, समोर काच. बाकड्यावर बसायचं, बाहेरचा माणूस बटन दाबतो, मग थोड्या थोड्या वेळानं चार फोटो निघतात आणि एका लांब पट्टीवर छापून बाहेर येतात. निपाणीत बसस्टँडच्या मागं बसू नावाचा लग्नाचे फोटो काढणारा आहे, त्याच्याकडे असा बूथ भाड्यानं मिळतो असं कळलं. ठरवायला पोरींबरोबर कुणीतरी मोठं माणूस पाहिजे, असं सर म्हणाले. बाकीच्या आया तंबाखूच्या वखारीत कामाला. मी शाळेतच असते, म्हणून मला पाठवलं.

सानिका, तिची मैत्रीण कावेरी आणि मी बसनं गेलो. बोलणं सगळं पोरींनीच केलं. बसू मला म्हणाला, "बसा आक्का आत. एक ट्रायल काढूया तुमचा."

मी दाराकडं तोंड फिरवलं.

"आमची आई फोटूला भेत्या," सानिका म्हणाली. "वाघाला न्हाय भ्यायची."

"माझ्या बूथात अजून कोण मेलं न्हाय ओ आक्का," बसू म्हणाला.

मी का भिते ते सानिकाला माहीत आहे. माझे पुढचे दोन दात बाहेर आहेत. माझ्या लग्नात फोटोवाला सगळ्यांसमोर म्हणाला होता, "नवरीनं ओठ मिटा, दातच यायलेत." मांडव हसला. तेव्हापासून कुणी मोबाईल वर केला की मी पाठ करते. सानिका सोळा वर्षांची झाली, पण तिचा आणि माझा एकत्र असा एकही फोटो घरात नव्हता.

निघताना बसूनं एक गोष्ट बजावली. "दोघं बसा, चौघं बसा. तिघांचा मी काढत न्हाय. एका लग्नात काढलता, फुडं काय काय झालं आन् बोलणी मला बसली."

मी मान हलवली. आमच्याकडेही तिघांचा फोटो काढत नाहीत. मधल्याला वाईट असतं म्हणतात. खरं-खोटं मला माहीत नाही. मांजर आडवं गेलं तर मी थांबत नाही, पण हे पाळते. पाळायला काही खर्च पडत नाही, म्हणून असेल.

परतीच्या बसमध्ये सानिका म्हणाली, "पास झाले की मी बेळगावला जाणार. हॉस्टेलात पोरी आईचा फोटो लावत्यात. मी काय तुझं आधार कार्ड लावू?"

मी म्हटलं, "बघू."

"बघू म्हंजे न्हाय," तिनं कावेरीला समजावून सांगितलं आणि खिडकीकडं तोंड केलं.

सेंडॉफच्या दिवशी व्हरांड्याच्या टोकाला, चित्रकलेच्या वर्गात बूथ मांडला होता. स्वयंपाकघर शाळेच्या मागं आहे. दुपारी दीडच्या सुमाराला भाषणं संपली. मसालेभात पुढं गेला होता, आमटी चुलीवर होती. मी ताटं घेऊन बूथवरून जात होते तेव्हा सानिका, कावेरी आणि आफ्रीन आत बसलेल्या. बसू पडदा धरून उभा.

"तिघी न्हाय," तो म्हणत होता. "चौथी आणा कोणतर."

सानिकानं मला बघितलं. "ही काय आली. ये आई."

"या की मावशी," आफ्रीन म्हणाली, "सरका गं, मावशीस्नी जागा द्या."

बाहेर पोरापोरींची रांग, सगळे माझ्याकडं बघत होते. माझे कान तापले. मी म्हटलं, "आमटी उतरायची हाय," आणि चालू लागले. पाठीमागून सानिकाचा आवाज आला, "जाऊ दे. आपण तिघीच काढू. मी मधी बसते." तो आवाज मी ओळखते. तिला रडू आलं की ती रडत नाही, हट्टाला पेटते.

आमटीचं पातेलं मोठं, त्याला दोन कड्या. एक शेवंताक्काच्या हातात, एक माझ्या. चुलीपासून व्हरांड्यापर्यंत तीसेक पावलं असतील. कडी तापलेली होती म्हणून मी फडक्यानं धरली. ते फडकं माझ्या जुन्या निळ्या साडीचं, पिवळ्या काठाचं, मीच फाडून शिवलेलं. हे मी नीट सांगते आहे, कारण पुढं सगळं त्याच्यावर येतं. उचलताना फडकं माझ्या हातात होतं.

आम्ही चालू लागलो. शेवंताक्का "हळू, हळू" करत होती. माझं लक्ष पायांकडे नव्हतं. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, मधी बसू नको गं... मधी बसू नको. तेवढ्यात चित्रकलेच्या वर्गातून बसूचा आवाज आला, "रेडी... हसा." खिडकीतून उजेड चमकला. पोरी हसल्या. परत चमकला. मी मोजले, चार झाले. मला वाटलं, काढलाच हिनं तिघींचा.

व्हरांड्यात पातेलं टेकवलं. शेवंताक्का माझ्या हाताकडं बघत राहिली.

"अगं ए, फडकं कुठाय तुझं? उघड्या हातानं धरलीस व्हय कडी?"

मी हात उघडला. फडकं नव्हतं. तळव्यावर आडवा लाल पट्टा उठला होता, आणि तो बघितल्यावर मग आग सुरू झाली. तोवर काही जाणवलं नव्हतं. मी मागं जाऊन चुलीपर्यंतची वाट बघितली. कुठंच नव्हतं. शेवंताक्कानं पळी घालून पातेलं तळापासून ढवळलं. म्हणाली, "आत पडलं असंल तर पोरास्नी चिंधीची आमटी." तिथंही नव्हतं.

संध्याकाळी मी हाताला टूथपेस्ट लावून बसले होते. सानिका आली. मला वाटलं, आता दोन दिवस अबोला. ती आली आणि पाठीमागून गळ्यात पडली.

"आलीस ते बरं केलंस," ती म्हणाली. "न्हायतर मी तुझ्याशी बोलणारच न्हवते."

मला वाटलं टोमणा मारते आहे. मग तिनं दप्तरातून माझं फडकं काढून मांडीवर टाकलं. "हे घे. बाकड्यावर टाकून पळालीस."

आणि ती पट्टी दाखवली.

चार फोटो होते. पहिल्या तिन्हीत चौघीजणी. पोरी एका बाजूला सरकलेल्या, आणि सानिकाच्या शेजारी, बाकड्याच्या कडेला, मी. साडी त्या दिवशीची, ब्लाउजच्या बाहीवरचं ठिगळही दिसत होतं. डोक्यावरचा पदर खाली आलेला. एक हात सानिकाच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात फडकं. पहिल्या दोन फोटोंत मी तिच्याकडं बघत होते. तिसऱ्यात समोर बघून हसत होते, दात सगळे बाहेर. चौथ्यात तिघीच, पडद्याकडं बघून हसणाऱ्या, आणि माझ्या जागेवर निळं फडकं.

"मी... कवा आले?" मी विचारलं.

"कवा म्हंजे? बसूअण्णा बटन दाबंना. म्हणत हुता चौथी आणा, चौथी आणा. तवर तूच पडदा सारून आलीस. मी म्हटलं नाटकी हाय नुसती." ती पट्टी आरशावर ठेवून बघत होती. "बोलली न्हाईस काय. खांद्यावर हात ठेवलास, केवढा गरम हुता. मग शेवटच्या फोटूला पळालीस."

मी आले नव्हते, असं सांगायला मी तोंड उघडलं. ती आरशाच्या कडेची माझी टिकली काढून त्या टिकलीनं पट्टी आरशाला चिकटवत होती, आणि गुणगुणत होती. मी फडक्याची घडी घालत बसले.

दुसऱ्या दिवशी भांडी घासताना मी शेवंताक्काला विचारलं, "आक्का, पातेलं नेताना मी मधीच कडी सोडून कुठं गेलते काय?"

"सोडली असतीस तर माझं पाय ऱ्हायलं असतं व्हय?" ती म्हणाली. "डोस्कं फिरलंय तुझं. सारखी बाजूला तर हुतीस, मधी बसू नको, मधी बसू नको म्हणत. म्हटलं, ही बाई मला काय सांगाय लागल्या? मी कुठं बसतोय पातेलं घिऊन?"

म्हणजे ते मी मनात म्हणत नव्हते. मोठ्यानं म्हणत होते. तेही मला माहीत नव्हतं.

चार दिवस मी ते कुणाला बोलले नाही. मग बाजाराचं निमित्त करून एकटीच निपाणीला गेले. एकटी कुणा परक्या माणसाच्या दुकानात शिरायची माझी ती पहिलीच वेळ. बसूच्या भिंतीवरचे लग्नाचे फोटो बघत उभी राहिले. शेवटी म्हटलं, "त्या दिवशी... फोटूत मी आलते?"

"तुमी आला म्हणून तर बटन दाबलं की. तिघींचा मी काढतोय व्हय?"

"मी म्हंजे... मीच?"

तो हसला. "आक्का, ट्रायलला बसा म्हटलं तवा बसला न्हाईत. म्हणून मुद्दाम नीट बघितलं. म्हटलं, आली शेवटी बाई. तुमचा पदर पडलता, तेबी तुमास्नी ध्यानात न्हाई."

"आन् गेले कशी?"

"ते काय न्हाय बघितलं. मी स्क्रीनकडं बघत हुतो."

त्यानं कॉम्प्युटरवर तो तिसरा फोटो मोठा करून दाखवला. मी माझा चेहरा एवढा मोठा कधी बघितला नव्हता. मी नजर खाली घातली, मग परत वर केली. दुसऱ्या कुणाचा असेल, असं म्हणायला जागाच नव्हती. "चेहरा चांगला येतोय की तुमचा," बसू म्हणाला. "उगंच लपवताय." कॉपी देऊ का म्हणून त्यानं विचारलं. मी नको म्हटलं आणि बाहेर पडले. का नको म्हटलं, तेही कळत नाही.

मी खूप विचार केला. मी गेले आणि विसरले असं धरलं, तर कडी कुणी धरली होती? पातेलं सांडलं नाही, शेवंताक्काला भाजलं नाही, माझ्या तळव्यावर मात्र खूण आहे, अजून आहे. मी गेले नाही असं धरलं, तर तीन पोरी आणि एक माणूस एकदम खोटं बोलतात, आणि फोटोही. जीव पोरीजवळ होता म्हणून तसं झालं, असं कुणी म्हणेल. मन कुठंही जातं, ते मला मान्य आहे. पण मन हातातलं फडकं घेऊन कसं जाईल? ते फडकं आता मी वापरत नाही. धुऊन, घडी घालून पेटीत ठेवलं आहे. काढून बघते, वास घेते. आमटीचा डाग आहे एवढंच.

सानिका जूनमध्ये बेळगावला गेली. पट्टी तिनं बरोबर नेली, कॉटच्या वर लावली आहे. परवा फोनवर म्हणाली, "खोलीतल्या पोरी म्हणत्यात, तू आईगतच हसतीस." खरं सांगायचं तर तिला सांगायचं राहून गेलंय की मी आले नव्हते. सांगितलं तर ती भिईल. भ्याली नाही तर वाईट वाटून घेईल, आणि त्याचं मला जास्त भय आहे. आणि मी तरी काय सांगू, मलाच नक्की माहीत नाही.

गणपतीला येणार आहे. म्हणते, "आई, आता आपण दोघींचाच एक काढू. आता तुझी भीती मोडली न्हवं?" मी 'व्हय' म्हटलं. लाज वाटणारच आहे, पण पदर सारखा करून, फडकं बाजूला ठेवून तिच्याजवळ जाऊन बसायचं ठरवलं आहे.

तिच्या लेखी तो आमचा दुसरा फोटो असेल. माझ्या लेखी पहिलाच.