तेऱ्याची भाजी आणि बंद तोंड

घोडबंदर रोडवरच्या ज्या टॉवरमध्ये कुंडलिक राहतो, त्याच्या पार्किंगच्या जागी पूर्वी त्याची भातशेती होती. हे त्याने वॉचमनपासून लिफ्टमधल्या पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना सांगितलं आहे, काहींना दोनदा. आपण बोलून बोलून माणसं पळवतो हे त्यालाही ठाऊक आहे, पण करणार काय?

वर्षातून एकदाच ते तोंड बंद राहायचं. श्रावणाच्या आगेमागे त्याची बायको केशरबाई डोंगराच्या पायथ्याहून तेरं आणायची, म्हणजे रानातलं अळू. भारी खाजरं. "भाजी शिजंपरत बोलायचं नाय," ती दटावायची, "बोललं का घसा खाजतो." कुंडलिक ओट्याजवळच्या स्टुलावर तासभर मूग गिळून बसायचा. भाजी कधी खाजली नाही.

केशरबाई गेल्या वर्षी गेली. यंदा तेरं कुंडलिकनेच आणलं. तिच्या हातची चव एकदा तरी जिभेवर यावी, एवढंच त्याला हवं होतं. पानं चिरली, वाल घातले, जवळा घातला आणि ओठ शिवले. मुलाचा फोन उचलला नाही. भाऊबंदांच्या भांडणाची ताजी बातमी घेऊन गावातला काळुराम दारात आला, त्यालाही नुसते हातवारे केले. काळुराम घाबरून डॉक्टरचा नंबर शोधायला लागला.

आणि पहिल्याच घासाला घसा पेटला!

सून रचना ऑफिसातून आली, तेव्हा तो गूळ चघळत होता. "अगं, एक शब्द काढला नाय तोंडातून!"

"बाबा, चिंच घातलीत?"

"चिंच?"

"खाज चिंचेने जाते. आईंनी मला दाखवलेलं." ती जराशी घुटमळली. "न बोलायचं ते फक्त तुमच्यासाठी होतं. म्हणायच्या, वर्षातनं एक तास तरी डोक्याला शांतता पायजे गो."

कुंडलिक खोकत खोकत हसला. चाळीस वर्षं सगळं लक्ष तोंड मिटण्यात. पातेल्यात काय पडतं ते बघितलंय कुणी! वर हे शास्त्र त्याने अख्ख्या गावाला शिकवलेलं. दोन घरांत अजून तेऱ्याला मौन पाळतात. ही फजिती आत्ताच्या आत्ता कुणाला तरी सांगायला हवी होती, आणि जिला सांगायची तीच घरात नव्हती. त्याला ती फार आठवली.

रचनाने चिंचेचा कोळ घालून पातेलं पुन्हा गॅसवर चढवलं. "आता बोला हो खुशाल. काही होत नाही."

कुंडलिकने नुसती मान हलवली. स्टूल ओढून बसला आणि भाजी शिजेपर्यंत अवाक्षर बोलला नाही.