निम्मी फाइल

कपाट आवरताना बाबांच्या टू-डी इकोच्या दोन सीडी हाताला लागल्या आणि अंधेरीच्या ऑफिसातली ती दुपार आठवली. हॉस्पिटलांकडून येणारी हृदयाची राखाडी चित्रं साठवायला आम्हाला कोडेक, म्हणजे व्हिडिओ आटवायची पद्धत, निवडायची होती. एकही ठिपका हरवून चालणार नव्हता. चाचणीला मी बाबांच्याच सीडी घेतल्या, एक आदल्या वर्षीची, दुसरी त्याच आठवड्यातली. एसीचं पाणी बादलीत टपटपत होतं, शेजारच्या टेबलावर सुक्या बोंबलाचा डबा उघडला होता. डबा खाता खाता मैत्रीण माझ्या स्क्रीनकडे वळली. "अगं, दुसरी फाइल बघ! सेम लांबी, सेम सेटिंग, आणि पहिलीच्या निम्मी! झकास! हाच घेऊ ना." हा कोडेक एका चित्रातून पुढच्या चित्रात जेवढं हलतं तेवढंच साठवतो; हललंच नाही, तर साठवायला काही उरत नाही. आणि दुसरी फाइल त्याच आठवड्यातली होती. "घेऊ," मी म्हटलं, आणि जिन्यात जाऊन बोरीवलीला आईला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा आज अगदी शांत आहेत गं." अजूनही कुणी शांत आहे म्हटलं, की मला ती निम्मी फाइल दिसते.