बराकपूरला शिवलेला कावळा

माझ्या सासऱ्यांचं पहिलं वर्षश्राद्ध पक्षीनिरीक्षणाच्या सहलीत पार पडलं. असा आग्रह घरात कोणाचाच नव्हता, आणि सासऱ्यांचा तर नसावाच. कल्पना सर्वस्वी माझी. ती मी मांडली तेव्हा घरात माझं जे कौतुक झालं, ते आठवलं की अजून कानाच्या पाळ्या गरम होतात.

मी मूळची साताऱ्याची. स्वातंत्र्य नुकतं कुठे अंगवळणी पडत होतं, त्या सुमारास लग्न होऊन कलकत्त्यात भवानीपूरला आले. सासरची मंडळी दोन-तीन पिढ्या तिथलीच. आमचे ‘हे’ तर इतके कलकत्त्याचे, की मराठी बोलतानाही बंगाल्यांसारखं पाणी ‘खात’ आणि सिगरेटही ‘खात’. (पाणी उघड खात. सिगरेट आईच्या चोरून, गच्चीवर.) सासरे, म्हणजे अप्पा, माझ्या लग्नानंतर थोड्याच महिन्यांत गेले. हे सकाळी कामावर निघून जात आणि घरात उरायच्या दोघी, सासूबाई, म्हणजे माई, आणि मी. मला बंगाली येत नव्हतं, माईंना दुःखातून बोलावंसं वाटत नव्हतं. दिवस फार मोठे होते हो!

शेजारच्या मिनतीदी शाळेत शिकवायच्या. पुढच्या उन्हाळ्यात त्यांना माझी दया आली आणि रविवारी सकाळी त्या मला ओढून ढाकुरियाच्या तळ्यावर घेऊन गेल्या. तिथे सेनबाबू भेटले. भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक. खाकी अर्धी चड्डी, पायांत बूट आणि डोक्यावर सोला हॅट. उन्हाळ्याच्या सुट्टीत दर रविवारी ते हौशी मंडळींना पक्षी दाखवायला नेत. कधी तळं, कधी शिबपूरची बाग, कधी नदीकाठ. त्यांचा धाक असा, की पक्षीसुद्धा हजेरी दिल्यासारखे नीट फांदीवर बसून राहत. बोलायचं नाही, लाल साडी नेसायची नाही, आणि सगळ्यांत कडक नियम म्हणजे पक्ष्याला खायला घालायचं नाही! एका बँकेतल्या साहेबांनी साळुंकीला बिस्किटाचा चुरा टाकला, तर सेनबाबूंनी त्यांना तिथल्या तिथे ट्रामच्या थांब्यापर्यंत पोचवलं. ते साहेब परत कधी दिसले नाहीत.

या सहलींचे माझ्यावर केवढे उपकार आहेत! त्या परक्या शहरात मी पहिल्यांदा मोकळी चालले ती सेनबाबूंच्या मागे. मला बाजारात वांग्यांचा भाव करता येत नव्हता तेव्हा दोएल, टुनटुनी आणि माछरांगा ही नावं येत होती. (म्हणजे आपले दयाळ, शिंपी आणि खंड्या.) तिथे कोणी मला ‘अमक्यांची सून’ म्हणत नसे. सेनबाबू ‘बौमा’ म्हणत, म्हणजे तेही सूनच, पण ते आख्ख्या शहराची सून म्हटल्यासारखं वाटे. सगळा आठवडा मी त्या रविवारवर काढायची.

आणि अप्पांची तिथी नेमकी रविवारी आली! त्यातही बराकपूरच्या सहलीच्या रविवारी. नदीकाठची जुनी बाग, वडापिंपळांची गर्दी. सेनबाबू महिनाभर त्या सहलीचं वर्णन करत होते. मी दोन दिवस तोंड पाडून फिरले आणि मग माझ्या डोक्यात ती दिव्य कल्पना आली.

“माई, अप्पांचं श्राद्ध गंगेच्या काठी केलं तर?” मी म्हटलं. “बराकपूरला घाट आहे. घाटालगत धर्मशाळा आहे, तिथे स्वयंपाकाची सोय होते. गुरुजींना इथूनच घेऊन जाऊ.”

माई माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “गंगेच्या काठी! बघ रे दिनू, तुला सुचलं नाही, सुनेला सुचलं. किती गं गुणाची!”

दिनू म्हणजे आमचे हे. त्यांनी माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं. “सेनबाबूंची सहल कुठे आहे गं या रविवारी?”

“असेल कुठेतरी तिकडेच,” मी म्हटलं.

पण माईंपासून ते लपून राहिलं नाही आणि त्यांनी रागही धरला नाही. “जा की तू पक्षी बघायला. स्वयंपाकात तू नसलीस तर माझा लवकर आवरतो,” असं त्या म्हणाल्या. (यात टोमणा नव्हता. तो नुसता अनुभव होता.)

रविवारी पहाटेच सगळी वरात सियालदा स्टेशनवर हजर. माई, हे, डाळतांदूळ, पितळी भांडी, आंब्यांची करंडी आणि शहरातल्या यच्चयावत मराठी घरांना पुरणारे एकमेव गुरुजी. पलीकडच्या डब्यात सेनबाबूंची पलटण. बराकपूरला उतरल्यावर मी त्या पलटणीत शिरले आणि माई धर्मशाळेच्या चुलीपाशी. ठरलं असं होतं, की ऊन चढलं की आमची सहल बागेत वडाखाली डबे सोडेल, तेव्हा मी हळूच घाटावर सटकायचं. सेनबाबूंना काही कळायचं कारण नव्हतं.

मी घाटावर पोचले तेव्हा श्राद्ध यथासांग झालं होतं. गुरुजी जेवले होते. कसे जेवले होते ते त्यांच्या बसण्यावरून कळत होतं. आता उरलं होतं कावळ्याचं पान. आमच्या घरची रीत अशी, की कावळा पानाला शिवल्याशिवाय घरच्या माणसांनी तोंडात काही घालायचं नाही. यांनी ओलेत्यानेच केळीचं पान घाटाच्या कठड्यावर ठेवलं. गव्हल्यांची खीर, उडदाचे वडे, आमसुलाची चटणी, आणि अप्पांना आवडायचा म्हणून आंब्याचा एक मोठा काप.

कावळा नाही!

ज्या कलकत्त्यात गच्चीवर पापड वाळत घालणं म्हणजे कावळ्यांशी युद्ध, तिथून आम्ही आगगाडीत बसून अशा जागी आलो होतो जिथे कावळा नाही. म्हणजे होते, पण खालच्या अंगाला कोळ्यांच्या होड्या लागल्या होत्या आणि झाडून सगळे कावळे तिथे मासळीवर तुटून पडले होते. पिढ्यान् पिढ्या मासळीवर पोसलेले बंगाली कावळे ते! आमच्या खिरीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

“येईल, येईल. धीर धरा,” गुरुजी म्हणाले आणि त्यांनी समाधानाने ढेकर दिली.

आम्ही धीर धरला. ऊन मात्र धरत नव्हतं. माईंना त्या हिवाळ्यात मोठं दुखणं येऊन गेलं होतं आणि ‘उपाशी राहू नका’ असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यांनी सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. मी म्हटलं, “माई, निदान दूध तरी घ्या.” त्या म्हणाल्या, “ते उपाशी असताना?”

इतक्यात एक कावळा आला! पिंपळाच्या फांदीवर बसला, मान वाकडी करून पानाकडे बघायला लागला. आम्ही श्वास रोखले. आणि नेमकी त्याच वेळी वळणावर मला सोला हॅट दिसली! पान उघड्यावर, पक्ष्यासाठी वाढलेलं, आणि सेनबाबू समोरून येतायत! मला तो ट्रामचा थांबा दिसायला लागला. मी काही विचार न करता छत्री फाडकन उघडली आणि पानावर धरली.

कावळा उडाला तो थेट पलीकडच्या तीराला.

“अगं, काय केलंस हे?” हे दबक्या आवाजात ओरडले.

“ऊन लागत होतं,” मी म्हटलं.

“कोणाला? वड्यांना?”

सेनबाबू आमच्यापासून थोड्या अंतरावर थबकले. त्यांना काय दिसलं असेल? काही माणसं कठड्यापाशी एकटक झाडाकडे बघतायत, हालचाल नाही, आवाज नाही. इतकं शिस्तशीर निरीक्षण त्यांनी जन्मात पाहिलं नसेल! त्यांनी मागे वळून हाताने खूण केली. मिनतीदी आल्या, मग बाकीची पलटणही चवड्यांवर चालत आली. कोणी काही न विचारता सगळ्यांनी आपापल्या दुर्बिणी त्याच झाडावर रोखल्या. बराच वेळ गेला.

“कोणता पक्षी, बौमा?” सेनबाबूंनी कुजबुजत विचारलं.

“कावळा,” मी म्हटलं. आता लपवून काय उपयोग? मी छत्री मिटली आणि माझ्या मोडक्या बंगालीत, हिंदीत आणि बरंचसं हातवारे करून सगळं सांगितलं. श्राद्ध, पान, माईंचा उपास. शेवटी म्हटलं, “नियम मोडलाय. मला ट्रामपर्यंत पोचवायची गरज नाही, इथून आगगाडी आहे.”

सेनबाबूंनी माईंकडे पाहिलं. त्यांनी हॅट काढली. मग म्हणाले, “आमच्यातही काकाला, म्हणजे कावळ्याला, देतात, बौमा. आणि तुम्ही कुठे खायला घालताय? घालतायत तुमचे सासरे. ते काही आमच्या मंडळाचे सभासद नाहीत.”

आणि पुढे जे झालं ते बघून सबंध पलटणीने दुर्बिणी खाली घेतल्या. तोंडातून चकार शब्द काढू न देणारे सेनबाबू झाडामागे गेले, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि त्यांनी जीव तोडून ‘काँव, काँव’ केलं! एकही कावळा आला नाही. गुरुजी तेवढे दचकून जागे झाले.

“गेलेल्या जीवाची काही इच्छा राहिली असेल,” ते डोळे चोळत म्हणाले. “शब्द द्या. शब्द दिला की कावळा शिवतो.”

हे लगेच पुढे झाले. “अप्पा, मी सिगरेट खाणं सोडतो!”

“तू सिगरेट ओढतोस?” माई म्हणाल्या.

“सोडली ना आता!”

कावळा नाही. अप्पांना मुलाच्या शब्दावर विश्वास नसावा. (ते योग्यच होतं, हे मला पुढे गच्चीवर कळलं.)

तेवढ्यात माईंना घेरी आली. मिनतीदींनी त्यांना सावरून पायरीवर बसवलं, मी पदराने वारा घालायला लागले. त्यांचा हात गार पडला होता. मला स्वतःची इतकी चीड आली! माझ्या एका रविवारपायी मी या बाईला इथे आणून उन्हात उपाशी बसवलं होतं. मी उठले, पानापुढे हात जोडले.

“अप्पा, माईंना जेवू द्या. मी पक्षी बघणं सोडते. परत कधी जाणार नाही.”

सेनबाबूंना मराठी येत नव्हतं, पण त्यांना कळलं. ते दुसरीकडे बघायला लागले.

“गप्प बस गं!” पायरीवरून माईंचा आवाज आला. वर्षभरात त्या इतक्या मोठ्याने बोलल्या नव्हत्या. “अहो, तिचं काही ऐकू नका. माझं ऐका. रोज सकाळी तुम्ही म्हणत होता, तळ्यावर फिरायला चल. मी म्हणायची, चुलीवर दूध आहे, उद्या येते. सगळा जन्म उद्या म्हटलं. आता येते हो मी. हिच्याबरोबर जात जाईन दर रविवारी. ही बघेल ते सगळं बघेन. आता तुम्ही जेवा आणि मलाही जेवू द्या.”

यांनी उपरण्याने डोळे पुसले. सेनबाबूंनी आपली स्वतःची जर्मन दुर्बीण गळ्यातून काढून माझ्या हातात दिली. ती ते कोणाला हातही लावू देत नसत. मी ती डोळ्यांना लावून झाडावर रोखली.

आणि पिंपळाच्या दाट पानांतून काळं काहीतरी सूं करून खाली आलं, कठड्यावर टेकलं, आंब्याच्या कापावर चोच मारली, आणि तो काप घेऊन गेलंसुद्धा!

“कावळा!” मी किंचाळले. “शिवला! कावळा शिवला!”

मिनतीदींनी तोंड उघडलं आणि सेनबाबूंकडे पाहून मिटलं. “हो, बौमा,” सेनबाबू सावकाश म्हणाले, “काक.” मग त्यांना जोराचा खोकला आला.

माई जेवल्या. पहिला घास त्यांच्या तोंडात गेला तेव्हा मला जे वाटलं ते मी अजून कोणाला नीट सांगू शकलेले नाही. खीर पुष्कळ उरली होती. ‘पक्ष्यांना खायला घालायचं नाही हा नियम आहे, पक्षी बघणाऱ्यांना घालू नये असा नाही,’ असा निवाडा सेनबाबूंनी दिला आणि घाटाच्या पायऱ्यांवर सगळ्या पलटणीची पंगत बसली.

माईंनी शब्द पाळला. गुडघ्यांनी साथ दिली तोवर त्या दर उन्हाळ्यात रविवारी आमच्याबरोबर आल्या. त्या हसायला लागल्या, माझ्याशी बोलायला लागल्या, आणि भवानीपूरच्या त्या घरात मला खऱ्या अर्थाने घर मिळालं ते त्या घाटापासून. सेनबाबूंचे, मिनतीदींचे आणि त्या कावळ्याचे आभार मी कितीतरी वर्षं मनोभावे मानत होते.

पुढे एका रविवारी तळ्याकाठी एका नव्या बाईंना मी झाडावरचा पक्षी दाखवत होते. “तो बघा, कावळा.”

“कोकीळ आहे तो,” माई मागून म्हणाल्या. “लाल डोळा बघ. बराकपूरला आला होता, तोच.”

“कुठे आला होता?”

“अगं, अप्पांचं पान कोकिळानेच नाही का शिवलं? सेनबाबूंनी ओळखलं, मिनतीने ओळखलं, दिनूने ओळखलं. गुरुजींनी अर्धवट झोपेत ओळखलं. अप्पांना कावळ्याचा आवाज कधी सोसला नाही, त्यांना पाठवायला हाच भेटला असेल.”

“आणि तुम्हाला?” मी गार पडत विचारलं.

“मी बघितलं की तो उतरतानाच! पण तू एवढं ठणकावून कावळा म्हणालीस, आणि मला भूक फार लागली होती.”

माईंच्या दोन्ही डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू होता आणि चष्मा धर्मशाळेत चुलीपाशी राहिला होता. मी सेनबाबूंच्या जर्मन दुर्बिणीतून बघत होते.