बावीच्या वळणावर

माझा नवरा गेला तो बुधवार होता. तो मोटारसायकलवरून कुडाळच्या बाजाराला निघाला होता. बावीच्या, म्हणजे रस्त्याकडेच्या विहिरीच्या, वळणावर समोरून जांभ्या चिऱ्यांचा ट्रक आला. दहा वाजता घरी फोन आला.

लिहायला बसले आहे ते मात्र माझ्या चुलत सासऱ्यांविषयी, काकांविषयी. जगात जेवढे रस्ते आहेत आणि त्या रस्त्यांना जेवढी वळणं आहेत, त्या सगळ्यांची जबाबदारी आपल्या एकट्याच्या डोक्यावर आहे असं मानणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. एसटीत त्यांनी तीसएक वर्षं ड्रायव्हरकी केली. एवढ्या काळात त्यांच्या गाडीखाली एक कोंबडीसुद्धा आली नाही, हे ते स्वतः कधी सांगत नसत; सांगायला गावात पुष्कळ माणसं होती. निवृत्त झाल्यावर त्यांची गाडी सुटली, पण ड्रायव्हरकी सुटली नाही. कुणाच्याही शेजारी बसले की त्यांचा उजवा पाय ब्रेक शोधत असे, त्यामुळे उजव्या चपलेचा तळ डावीच्या कितीतरी आधी झिजे. चपला शिवणाऱ्याने एकदा हळूच विचारलं होतं, की पायाला काही दुखापत आहे का. घरातसुद्धा ओटीवरून माजघरात वळताना ते मोठ्याने खाकरत. समोरून चहा घेऊन कुणी येत असेल तर त्याला वेळेवर कळावं, हा हेतू. सासूबाईंच्या काळ्या छत्रीला त्यांनी लाल चमकती पट्टी चिकटवली, मग वाडीतल्या गुरांच्या शिंगांना चिकटवली. देवळातल्या पुजाऱ्याने वेळीच हात जोडले म्हणून पालखी तेवढी बचावली.

माझ्या लग्नाचं वऱ्हाड सावंतवाडीहून निघालं तेव्हा काका आमच्याच गाडीत पुढे बसले होते. मागे माझं रडणं रीतसर चालू होतं. गाव सुटल्यावरच्या पहिल्याच वळणावर ड्रायव्हरने हॉर्न दिला नाही. काकांनी गाडी थांबवायला लावली, त्याला खाली उतरवलं आणि वळण म्हणजे काय ते हातवारे करून समजावलं. मागच्या दोन गाड्यांतली माणसं काय झालं म्हणून धावत आली. त्या गोंधळात मी रडायची थांबले ती थांबलेच, आणि माहेरची माणसं पुढे कितीतरी दिवस म्हणत होती की मुलगी हसत सासरी गेली.

गावातल्या बहुतेक सगळ्या मुलांना गाडी त्यांनीच शिकवली. लायसन्स सरकार देई, पण काकांनी मान हलवल्याशिवाय कुणी आपली बहीण त्या मुलाच्या गाडीत बसवत नसे. त्यांचा धडा एका ओळीचा होता: वळण दिसलं की हॉर्न वाजव आणि जा. माझ्या नवऱ्याला तो त्यांनी शाळेत असतानाच शिकवला होता, सायकलची घंटी वाजवायला लावून. तो कुठल्याही वळणावर हॉर्न वाजवल्याशिवाय गेला नाही. त्या बुधवारीही नाही.

हे आम्हांला वळणाच्या वर गवत कापणाऱ्या बाईने सांगितलं. वर असल्यामुळे तिला दोन्हीकडचं ऐकू येत होतं. तिने सांगितलं की दोन्ही बाजूंनी हॉर्न वाजले, पण अगदी एकदम. म्हणजे खाली प्रत्येकाला आपलाच ऐकू आला, आणि पलीकडे कुणी नाही असं समजून दोघेही वळले. ती बोलत होती तेव्हा काका माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी तिला तेच पुन्हा सांगायला लावलं. तिसऱ्यांदाही विचारलं.

त्यानंतर महिनाभर ते रोज दुपारी बावीच्या कठड्यावर जाऊन बसत. लोकांना वाटलं, पुतण्याच्या आठवणीने बसतात. ते गाड्या ऐकत होते. महिन्याने उठले आणि त्यांनी आपला धडा बदलला: हॉर्न वाजव, गाडी थांबव, इंजिन बंद कर, काच खाली घे, पाच आकडे मोज, मग जा. ज्यांना ज्यांना आधीचा धडा दिला होता त्यांच्या घरी जाऊन ते हा नवा सांगून आले. काही जण मुंबईला होते, त्यांना फोन केले. मुंबईतल्या एकाने विचारलं की काका, इथे दर वळणावर इंजिन बंद केलं तर मागचे मला मारतील, तर काकांनी त्याला गावी परत यायचा सल्ला दिला. नाक्यावरचा रिक्षावाला म्हणू लागला की काकांच्या पद्धतीने या बुधवारच्या बाजाराला निघालेला माणूस पुढच्या बुधवारी पोचेल. काका हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी देवळात जाऊन, पुन्हा स्टेअरिंगला हात लावणार नाही, असं देवासमोर सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला गाडी शिक म्हणायला माझ्याकडे आले.

घरात आता मी आणि सासूबाई दोघीच होतो. सासूबाईंचं हृदय आधीपासून अशक्त. धाप लागली की उशीर न करता कुडाळला आणा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आजवर नवरा न्यायचा. त्याची लाल चारचाकी घरासमोरच्या खळ्यात ताडपत्रीखाली उभी होती, आणि फोन करून बोलावलेली गाडी आमच्या वाडीत कधी पोचेल याचा काही भरवसा नव्हता. मी शाळेच्या ग्रंथालयात काम करते. पुस्तकाच्या पानाहून जड काही फिरवायची मला सवय नाही. मी नाही म्हटलं. काका रोज येत राहिले. चौदाव्या की पंधराव्या दिवशी मी ताडपत्री काढली.

चार महिने त्यांनी मला शिकवलं. ते कधी ओरडले नाहीत. मी चुकले की ते डोळे मिटून घेत आणि मी सुधारले की उघडत, त्यामुळे सुरुवातीचे कितीतरी दिवस त्यांनी रस्ता फारसा पाहिलाच नाही. लायसन्स मिळालं. बावीच्या वळणावर मात्र मी गेले नव्हते. दुसरा रस्ता लांबून जातो, मी त्याने जात असे, आणि काकांनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही.

त्या सकाळी सासूबाई न्हाणीच्या चुलीपाशी बसल्या त्या उठेनात. ओठ काळपट झाले होते. मी ओरडून हाक मारली तसे काका शेजारच्या घरातून कुंपणावरून आले, दोघांनी मिळून त्यांना मागच्या सीटवर आडवं केलं. लांबच्या रस्त्याने वीस मिनिटं जास्त लागली असती. मी काकांकडे पाहिलं. त्यांनी बावीच्या दिशेला बोट केलं.

पहिल्या वळणावर ते म्हणाले, "रव." मी हॉर्न वाजवला, गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, काच खाली घेतली. मागून सासूबाईंचा श्वास येत होता, शिट्टीसारखा. पाच आकडे मी आयुष्यात एवढे लांब कधी मोजले नव्हते. दुसऱ्या वळणावर पुन्हा तेच. आमच्या मागे एक मोटारसायकल लागली, ती हॉर्नवर हॉर्न देऊ लागली आणि शेवटी काहीतरी बोलून पुढे निघून गेली. तिसऱ्या वळणावर मी काचेला हात लावला आणि मागून सासूबाई तुटक आवाजात म्हणाल्या, "भावजी, माका मारूचाच आसा तर घराकडेच मारा. पेट्रोल तरी वाचात."

काकांच्या कपाळावर घाम होता. ते पुन्हापुन्हा मागे वळून आपल्या वयनींकडे, माझ्या सासूबाईंकडे, पाहत होते.

बावीच्या वळणावर मी थांबले. हॉर्न वाजवला, इंजिन बंद केलं. काकांनी मान बाहेर काढली, कानामागे हात धरला.

"चल," ते म्हणाले. "काय नाय."

मी किल्लीला हात घातला आणि मला ते ऐकू आलं. इंजिनचा आवाज नव्हता. कडेच्या खडीवरून काहीतरी जड सरकत येत होतं, आणि दगडावर दगड आपटावा तसं बारीक खडखडत होतं.

"काकांनू, रवा. कायतरी येता."

"काय नाय गो. वयनीक बघ, येळ नाय. चल."

त्यांनी मला घाई केलेली ती पहिलीच वेळ. मागे श्वासाची शिट्टी बारीक होत चालली होती. मी किल्ली फिरवली नाही. मग तो आला. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून सोडलेला, चिऱ्यांनी भरलेला, अख्खा रस्ता व्यापून. आमचा आरसा त्याने आत ढकलला आणि तो खाली निघून गेला. लाल धूळ काचेतून आत आली.

काका ट्रककडे पाहतच नव्हते. ते माझ्याकडे पाहत होते.

"तुका आयकाक इला?"

"होय."

"माका नाय." मग, खूप हळू, "हॉर्न वाजव आणि जा, असा मीयाच शिकवलंय तेका."

ते दार उघडून उतरले, मागे जाऊन बसले, सासूबाईंचं डोकं त्यांनी आपल्या मांडीवर घेतलं. "आता तूच आयक," ते म्हणाले.

पुढच्या प्रत्येक वळणावर मी थांबले. कुणी सांगत नव्हतं. दवाखान्यात डॉक्टरांनी सासूबाईंना आत नेलं, आणि दुपारी बाहेर येऊन सांगितलं की आता धोका नाही. काका बाकावर बसले होते; त्यांना ते दोनदा सांगावं लागलं. वर्षानुवर्षं एसटीच्या इंजिनशेजारी बसून त्यांचे कान गेले होते आणि ते कुणालाच, त्यांनासुद्धा, ठाऊक नव्हतं. ठाऊक झाल्यावर मात्र त्यांनी ते लपवलं नाही. दुसऱ्याच दिवशी नाक्यावर जाऊन त्यांनी सगळ्यांना जाहीर सांगितलं, की आपण बहिरे झालो आहोत, तेव्हा रस्त्याने जाताना आपल्याला कुणी हॉर्न देऊ नये, थांबून घ्यावं. रिक्षावालाही थांबू लागला.

यंदा शिमग्यानंतर काका गेले, दुपारी झोपेत. सासूबाई आहेत. दर महिन्याला त्यांना तपासणीसाठी कुडाळला न्यावं लागतं. गाडी मी चालवते. बावीच्या रस्त्याने जातो, दर वळणावर थांबत. आम्हांला तासभर लागतो.