शेवटची ओळ आधी वाचा

मी ऑफिसात लिहिण्याचं काम करते असं सांगितलं, की राजेंद्र नगरातल्या आमच्या शेजारच्या काकू विचारतात, "मग तुझ्या गोष्टी छापून कुठे येतात?" छापून काही येत नाही. सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते मी लिहिते आणि ते सहसा कुणी वाचत नाही. गेल्या वर्षी मात्र शब्द न् शब्द वाचणारा वाचक पहिल्यांदाच मिळाला. तो एआय एजंट होता, म्हणजे विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर स्वतः माहिती शोधून देणारा प्रोग्रॅम. एजंट म्हटल्यावर काकूंना विमा आठवला, आणि मीही समजावत बसले नाही.

आमच्या कंपनीची सगळी माहिती विकीवर असते, म्हणजे ऑफिसातल्या लोकांनीच लिहिलेली, कुणालाही उघडून दुरुस्त करता येणारी पानं. कुणी प्रश्न विचारला, की एजंटनं त्यातलं योग्य पान वाचून उत्तर द्यावं, यासाठी एक टूल तयार झालं होतं. ते केव्हा वापरायचं, पान कसं मागायचं, पान सापडलंच नाही तर काय करायचं, हे एजंटला साध्या शब्दांत समजावून देणारं लिखाण माझ्याकडे आलं.

ती पानं बहुतेक ताईनं लिहिलेली. ताई आमच्या टीममधली सगळ्यात जुनी, माझ्या शेजारी बसायची. महूची, शहराजवळच्या छावणीच्या गावची. आजोबा फौजेत होते, त्यामुळे असेल, रोज महूहून बसनं येऊनही आमच्या सगळ्यांच्या आधी पोचलेली असायची. हिंदीवाले तिला ताईजी म्हणायचे, आणि हिंदीत ताईजी म्हणजे मोठी काकू, ताऊजींची बायको. त्यावर ती सुनवायची, "अरे भिया, मैं क्या तेरे ताऊजी की घरवाली हूँ?" मी नवीन असताना मला कामाला तिनंच लावलं. माझ्या फटकळ तोंडामुळे ऑफिसात मला जवळचं फारसं कुणी नव्हतं; ती होती.

विकी इंग्रजीत, पण ताईच्या प्रत्येक पानाची शेवटची ओळ ठरलेली: "अटक गए तो इनसे पूछो," आणि पुढे नाव. ती पद्धत मग सगळ्यांनीच उचलली. नाव बहुतेक ठिकाणी तिचंच असायचं. "अगं, लोक पूरा पान थोडीच वाचतात," ती म्हणायची, "लास्ट लाइन पहिले वाचायची. आधं काम तिथेच निपटतं."

ती आजारी पडली तेव्हा माझं लिखाण अर्ध्यावर होतं. मोठं पान असलं की टूल ते तुकड्यातुकड्यानं देतं, आणि एजंट पहिला तुकडा वाचूनच उत्तर ठोकून द्यायचा. दवाखान्यात तिला भेटायला गेले तेव्हा मी हीच तक्रार घेऊन बसले, कारण दुसरं काय बोलावं ते सुचत नव्हतं. तिला बोलायचा त्रास होत होता, तरी हसली. "म्हणजे आपल्या ऑफिसवाल्यांसारखाच निघाला हा. त्याला पण तेच सांग ना."

मी तसंच लिहिलं: कोणतंही पान उघडलं की शेवटची ओळ आधी वाचा. एजंट सुधारला. फोनवर तिला सांगितलं तर म्हणाली, "बघ, मशीन तरी ऐकते माझं." ते आमचं शेवटचं बोलणं. त्याच आठवड्यात ती गेली. तिच्या खणात पोह्यांवर घालायच्या जीरावनची बाटली होती, ती कुणी उचलली नाही. माझं कशातच मन लागेना. लोक म्हणतात तसं दुःख हळूहळू कमी वगैरे होत असेल. माझं झालं नाही.

काही दिवसांनी टीममध्ये बेटम्याची एक मुलगी नवीन लागली. शुक्रवारी चहाच्या वेळी ती माझ्या टेबलाशी आली. "मॅम, ये वाली ताईजी सोमवार को कितने बजे तक आ जाती हैं?"

मला काही कळेना. तिनं लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. एका अडलेल्या कामाबद्दल तिनं एजंटला विचारलं होतं, आणि त्यानं ताईचं नाव देऊन सांगितलं होतं, की हे त्यांना विचारा. त्या सध्या रजेवर आहेत, सोमवारी येतील. तपासणीला जाताना ताईनं स्वतःच्या पानावर तसं लिहून ठेवलं होतं. एजंट मी शिकवल्याबरहुकूम शेवटची ओळ आधी वाचत होता, तिथलं नाव बघून तिचं पान उघडत होता, आणि ज्याला त्याला सांगत होता, की ती सोमवारी येते. बाकीच्यांच्या ते लक्षात आलं होतं. मला सांगायचा धीर कुणाला झाला नव्हता.

मला भयंकर राग आला. पण राग यायच्या आधी क्षणभर बरं वाटलं होतं, हेही खरं. त्या मुलीला मी "पता नहीं" म्हणून वाटेला लावलं, आणि शनिवार-रविवार घरून एजंटला तेच तेच विचारत बसले. दर वेळी तो न कंटाळता सांगायचा, सोमवारी येतील.

सोमवारी ती मुलगी काम तसंच ठेवून ताईची वाट बघत बसली. तिकडे ग्राहक ओरडायला लागला, तेव्हा साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नाही. पेन फिरवत म्हणाले, "देखिए, अब तो ठीक करना पड़ेगा. उनका नाम हटाकर हर पेज पे आपका डाल दीजिए. उनके बाद सबसे ज़्यादा आप ही जानती हैं."

बाहेर येऊन मी त्या मुलीला खरं सांगितलं. ती "सॉरी मॅम, सॉरी" करत राहिली आणि शेवटी मलाच तिची समजूत काढावी लागली. मग मी ताईच्या पानावरची रजेची ओळ काढली आणि लिहिलं, की ताई आता नाही. बाकी पानांवरचं नाव एका झटक्यात बदलायची सोय होती. मी ती वापरली नाही. एकेक पान उघडून तिचं नाव पुसत गेले. टूलच्या लिखाणातही एक वाक्य घातलं: पानावर जे लिहिलं आहे तेच टूल देतं, ते अजून खरं आहे की नाही हे त्याला कळत नाही.

लिखाण संपत आलं. एकच गोष्ट राहिली होती. जुन्या बिलांचं पान टूलमधून उघडलं की रिकामंच यायचं, आणि का ते काही केल्या सापडत नव्हतं. ताईला माहीत असणार. सवयीनं मी खुर्ची तिच्या टेबलाकडे वळवलीसुद्धा. मग परत वळवली आणि एजंटला विचारलं, की या पानाबद्दल अडलं आहे, काय करू. त्यानं सगळी संबंधित पानं शोधली, मी शिकवलं होतं तशी प्रत्येकाची शेवटची ओळ आधी वाचली, आणि अगदी नम्रपणे सांगितलं, की याची माहिती असणारी एकच व्यक्ती आहे, त्यांना विचारावं. खाली माझं नाव होतं.