दम लागावा म्हणूनच

टेकडीच्या चढावर माझ्यापुढे एक चांगल्या जाडजूड बाई भरभर चालल्या होत्या. बाकावर रोज बसणाऱ्या काकांनी सवयीने हटकलं, "हळू, ताई! दम लागेल."

"दम लागावा म्हणूनच येते, काका," त्या न थांबता म्हणाल्या.

माझं वजनही त्यांच्याएवढंच. पण त्या बाकापाशी आले की मी बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने थांबायची. माझी धाप कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. सडपातळ माणूस धापा टाकतो तेव्हा लोकांना त्याची मेहनत दिसते, आमचा मात्र आजारच दिसतो. का म्हणून? हे सगळं वजन माझेच पाय वर नेतात ना?

आज बाकासमोर माझी नाडी खरोखरच सुटली. मी वाकले नाही. काकांना नीट ऐकू जाईल अशा धापा टाकत वर गेले.