मामांचं नाक आणि वैमानिकांचा ऑक्सिजन

माझ्या मोठ्या मामांनी आयुष्यात जेवढं हुंगलं, तेवढं अख्ख्या बीड जिल्ह्यातल्या कुत्र्यांनी मिळूनही हुंगलं नसेल. हे मी त्यांच्यादेखत म्हणतो आणि ते खुशीत मान डोलावतात. त्यांची सरकारी नोकरीच तशी होती. विमान फार उंच गेलं की हवा विरळ होते, मग वैमानिक तोंडाला मास्क लावून टाकीतला ऑक्सिजन घेतो. ती टाकी, ती नळी, तो मास्क उड्डाणाआधी तपासायचा आणि शुद्ध असल्याची सही करायची. यंत्रं होतीच, पण शेवटची तपासणी नाकाची. "ऑक्सिजनला वास नसतो," मामा सांगत. "वास आला की समजायचं, आत दुसरं कुणीतरी बसलंय."

निवृत्त होऊन ते घाटनांदूरला आले, तेव्हा नोकरी सुटली पण हुंगणं सुटलं नाही. मी आमच्या घराण्यातला पहिला बी.एस्सी. आणि ते मी कुणालाही सांगायला लाजत नाही. विहारात माझा सत्कार ठेवला होता. हार घालण्याआधी मामांनी माझं खोबरेल चोपडलेलं डोकं हुंगलं आणि सगळ्या वस्तीसमोर म्हणाले, "विज्ञान शिकलास ना बे? मग एवढं तेल कावून? दाबातल्या ऑक्सिजनला तेल भेटलं की काडी लागत न्हाई, आपोआप भडका उडतो." लोक हादरलेच. शेजारी बसलेले एक आजोबा माझ्यापासून दोन हात सरकले ते सत्कार संपेपर्यंत परत जवळ आले नाहीत.

बहिणीला बघायला पाटोद्याहून पाहुणे आले, तेव्हा तर मामांनी पाण्याचा एकेक ग्लास हुंगून मगच पुढे केला. चौथा मागे ठेवला. "ह्यात काल ताक हुतं." पाहुण्यांचे पोह्याचे घास हातातच राहिले. मामी आतून म्हणाल्या, "सरकारनं बाकी सगळं सामान परत घेतलं, ह्यांचं नाक तेवढं घ्यायचं राहिलं." आम्हाला वाटलं, सोयरीक गेली. पण मुलाचे वडील म्हणाले, "जिथं ग्लास एवढा बघत्यात, तिथं फसवणूक व्हायची न्हाई," आणि लग्न जमलं.

गेल्या वर्षी फार उंचावरून जमिनीचे फोटो काढणारं एक छोटं विमान आमच्या भागात फिरत होतं. त्याची धावपट्टी शेजारच्या जिल्ह्यात. कंपनीने मामांना तपासणीला बोलावलं. ते जीपने जात आणि सही करून येत. एका सकाळी मात्र ते माझ्या दारात उभे राहिले.

"चल, धावपट्टीवर."

"मी कशाला, मामा?"

"बी.एस्सी. हायस ना? मग चल."

मला कोण अभिमान वाटला. धावपट्टीवर मामांनी साबणाने हात धुतले, टाकीचा दाब बघितला, आत ओल नाही ना ते यंत्रावर तपासलं. आणि मग मास्क माझ्या हातात दिला. "वास बघ."

मी हुंगलं. नव्या रबराचा वास, आणि त्याखाली अगदी घरचा, ओळखीचा. "मामा, खोबरेल."

शेजारी उभा असलेला तरुण वैमानिक खाली बघायला लागला. पोरगा आमच्याच जिल्ह्यातल्या युसूफ वडगाव या गावचा. "पट्टा लई कडक हुता, काका. गालाला लागत हुता. नवी चप्पल चावली की लावतो, तसं थोडं लावलं."

आता मामा त्याला सोलून काढणार, अशी माझी खात्री होती. मामांनी मास्क नाकाशी धरला. बराच वेळ धरला. मग खाली घेतला.

"मला येत न्हाई," ते म्हणाले. "सर्दी झालती तवापासून कशाचाच वास येत न्हाई. सोमवारची सही मी तशीच केली."

सोमवारी हाच पोरगा वर गेला होता. तोच आधी सावरला. "यंत्रानं तपासलं हुतं ना, काका."

"यंत्रानं तपासलं. सही माझी हुती."

त्यांनी रजिस्टर ओढलं आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं की माझं नाक गेलं आहे, यापुढे माझी सही धरू नये. कंपनीच्या तंत्रज्ञ मुलीने दुसरा कोरा मास्क काढला, नळीपासून सगळं पुन्हा तपासलं, स्वतः हुंगून सही केली. विमान उडालं.

मी म्हणालो, "चला मामा, जीप थांबलीय."

ते मान वर करून उभे होते. "सही करायचो तवा मी कधी वर बघितलं न्हाई. माघारी फिरून च्या प्यायचो. गरजच वाटली न्हाई."

विमान ठिपक्याएवढं झालं, मग तेही दिसेना. जीपवाल्याने दोनदा हॉर्न दिला. मी त्याला हातानेच थांब म्हटलं आणि मामांशेजारी जाऊन उभा राहिलो. विमान उतरायला तीन तास लागले.